कंपनीच्या सभेत मत कसे मोजतात?



ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या इंदूरातील पुष्कळ मराठी घरांत एखाद्या कंपनीचे पत्र किंवा ई-मेल येतो. वर लिहिलेले असते, 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना'. पत्र रद्दीत जाते, ई-मेल न उघडताच पुसला जातो. "आपले पन्नास शेअर, आपल्याला कोण विचारतो?" हे त्यामागचे कारण. हा समज अर्धा खरा आहे आणि अर्धा चुकीचा. चुकीचा अर्धा भाग कोणता, हे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आधी शब्दांविषयी थोडेसे. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे शेअर म्हणजे 'अंश', शेअर घेणारा 'अंशधारी' आणि हिशेब तपासणारा 'अंकेक्षक'. मराठीत त्यांनाच भाग, भागधारक व लेखापरीक्षक म्हणतात. आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना घरी एक शब्द, पुस्तकात दुसरा आणि सूचनेत तिसरा इंग्रजी शब्द भेटतो, म्हणून ते गोंधळतात. वस्तू एकच आहे, एवढे लक्षात ठेवावे.

कंपनी अधिनियम २०१३ प्रमाणे, एकट्या व्यक्तीची कंपनी सोडून प्रत्येक कंपनीला दरवर्षी ही सभा घ्यावीच लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते व त्यानंतर सहा महिन्यांत सभा व्हावी लागते. म्हणूनच ही पत्रे ३० सप्टेंबरच्या आधी गर्दी करतात. सूचना सभेच्या आधी पूर्ण २१ दिवस पाठवावी लागते. सभेत चार कामे नेहमीची असतात: वर्षाचे हिशेब व अहवाल, लाभांश, पाळीप्रमाणे निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक आणि लेखापरीक्षकाची नेमणूक व मोबदला. ह्यापलीकडचा प्रत्येक विषय 'विशेष कामकाज' ठरतो व त्याचे कारण सूचनेसोबत लिहून द्यावे लागते. लाभांशाबाबत एक गंमत आहे. संचालक मंडळाने सुचविलेला लाभांश भागधारक कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपल्या सहकारी पतपेढीच्या सभेत ज्याचे दहा भाग आहेत त्यालाही एक मत आणि ज्याचे हजार आहेत त्यालाही एकच मत. कंपनीत तसे नाही. तेथे माणसे मोजत नाहीत, साधारणपणे शेअर मोजतात. एका साध्या शेअरला एक मत. (प्रेफरन्स शेअरवाल्यांना सहसा मत नसते, काही ठराविक प्रसंगीच असते.) हात वर करून मत घ्यायचे असेल तर मात्र प्रत्येक हजर सदस्याचे एक मत धरतात. पण एक दशांश मतशक्ती किंवा पाच लाख रुपयांचे भरलेले भाग ज्यांच्याकडे आहेत, ते सभासद शेअरप्रमाणे मोजणीची मागणी करू शकतात. आणि जेथे संगणकावरून मतदान होते तेथे हात वर करण्याचा प्रश्नच राहत नाही.

मग मोठ्यापुढे लहानाचे काय चालणार? येथे ठरावांचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात. साधारण ठरावाला विरोधी मतांपेक्षा बाजूची मते जास्त असली की पुरे. विशेष ठरावाला बाजूची मते विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात. कंपनीचे नाव बदलणे, तिची नियमावली बदलणे, स्वतंत्र संचालकाला दुसऱ्यांदा नेमणे, असे विषय विशेष ठरावाने होतात.

अकरावीच्या मुलांसाठी फळ्यावरचे उदाहरण घेऊ. एका कंपनीचे १००० शेअर आहेत. त्यांतील ६०० ज्यांनी कंपनी काढली त्या घराण्याकडे, ३०० विमा कंपन्या व म्युच्युअल फंड ह्यांच्याकडे आणि उरलेले १०० आपल्यासारख्या शंभर जणांकडे एकेक. साधारण ठराव असेल तर घराणे एकटेच तो पास करील, बाकीचे ४०० काहीही म्हणोत. पण विशेष ठराव आला की गणित फिरते. ६०० च्या विरुद्ध २०० मते पडली तर ६०० ही बरोबर तिप्पट होते आणि ठराव पास होतो. विरुद्ध २०१ पडली तर ठराव पडतो. समजा फंड व विमा कंपन्यांपैकी निम्म्यांनी, म्हणजे १५० शेअरांनी, विरोध केला आणि बाकीचे गप्प राहिले. तेव्हा आपल्या शंभरांपैकी ५१ जणांनी विरोध नोंदविला की काम झाले. ५० जणांनी नोंदविला तर नाही.

ह्यातच एक बारीक गोष्ट आहे, जी मोठ्या माणसांनाही माहीत नसते. तिप्पट मोजताना फक्त पडलेली मते मोजतात. जो घरी बसला त्याचे मत 'विरोधात' धरत नाहीत आणि 'बाजूने'ही धरत नाहीत. ते हिशेबातूनच गळते. वरील उदाहरणात ४०० पैकी फक्त १२० मतांनी विरोध केला व बाकी कोणी मतच दिले नाही, तर ३६० मते पुरतात आणि घराण्याकडे ६०० आहेत.

हे केवळ फळ्यावरचे गणित नाही. रॉयल एन्फिल्ड मोटरसायकल बनविणाऱ्या आयशर मोटर्सचे नाव आपल्याकडे पीथमपूरमुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथील ट्रकचा कारखाना आयशर मोटर्स आणि व्होल्वो समूह ह्यांच्या भागीदारीतील कंपनीचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या वार्षिक सभेत सिद्धार्थ लाल ह्यांना व्यवस्थापकीय संचालक म्हणून पुन्हा नेमण्याचा व त्यांच्या मोबदल्याचा विशेष ठराव आला. बाजूने सुमारे ७३ टक्के मते पडली, विरुद्ध सुमारे २७ टक्के. शाळेच्या परीक्षेत ७३ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. पण येथे ७५ पाहिजे होते आणि ठराव पडला. आक्षेप माणसाच्या कामावर नव्हता, मुख्यतः मोबदल्यावर होता. नंतर मंडळाने मोबदल्याची मर्यादा खाली आणली, ठराव पुन्हा भागधारकांपुढे ठेवला आणि तो मंजूर झाला. आमच्या मते सभेचा खरा उपयोग हाच. लहान व मध्यम भागधारक कंपनी चालवू शकत नाहीत, चालवूही नये. पण ते गाडीला ब्रेक लावू शकतात.

मत द्यायचे कसे? पूर्वी हे अवघड होते. कायद्याप्रमाणे सभा जेथे कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय असेल त्या गावीच व्हायची, म्हणजे बहुधा मुंबईला. १९८० च्या दशकात रिलायन्सची सभा मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरत असे, इतकी गर्दी होई. इंदूरचा शंभर शेअरवाला त्यासाठी अवंतिका एक्सप्रेसचे तिकीट थोडेच काढणार! त्याने प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधी पाठवावा अशी सोय होती व आजही आहे, पण प्रतिनिधीला सभेत बोलण्याचा हक्क नसतो आणि त्याचा फॉर्म ४८ तास आधी पोहोचावा लागतो.

आता शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ई-मतदानाची सोय द्यावी लागते. सूचनेत एक कट-ऑफ तारीख छापलेली असते; त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर आहेत त्यालाच मत. मतदान निदान तीन दिवस खुले राहते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता बंद होते. एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावर जाऊन प्रत्येक ठरावापुढे मान्य, अमान्य किंवा तटस्थ निवडायचे असते. एकदा दिलेले मत बदलता येत नाही. तरीही सभेला बसता येते व प्रश्न विचारता येतो, मात्र दुसऱ्यांदा मत देता येत नाही. मते मोजण्यासाठी कंपनीबाहेरचा छाननीकार नेमलेला असतो. २०२० च्या करोना साथीपासून अनेक कंपन्या सभाही दूरदृश्य पद्धतीने घेऊ लागल्या, त्यामुळे घरबसल्या अध्यक्षांना प्रश्न विचारणे शक्य झाले.

पालकांपैकी अनेकजण म्हणतील, आमचे शेअर नाहीत, एसआयपी आहे. तेव्हा आपल्या पैशांवरचे मत फंडवाले देतात. १ एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना सर्व ठरावांवर मत देणे बंधनकारक आहे आणि ते कोणत्या बाजूने व का दिले हे त्यांना जाहीर करावे लागते. एकदा उघडून जरूर पाहावे.

शेवटी आपल्या घरांतील एका जुन्या दुखण्याकडे वळतो. पुष्कळांच्या कपाटात आजोबांच्या नावाची कागदी शेअर प्रमाणपत्रे आहेत. आजोबा जाऊन वर्षे झाली, पण नोंदवहीत नाव त्यांचेच, म्हणून त्या शेअरांवर घरात कोणालाच मत देता येत नाही. शेअर जोडनावावर असतील तर मताच्या बाबतीत नोंदवहीत ज्याचे नाव आधी त्याला प्राधान्य. शेअर लहान मुलाच्या नावे असतील तर त्याच्या वतीने पालक मत देतो. सात वर्षे सलग लाभांश कोणी घेतला नाही तर ते शेअरच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, आणि खरा मालक दावा करीपर्यंत त्यांचे मतही गोठलेले राहते. दावा करता येतो, मिळतोही, पण कागदपत्रांचे हेलपाटे होतात. म्हणून ज्यांच्याकडे अशी प्रमाणपत्रे असतील त्यांनी ह्याच वर्षी कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्र लिहून वारसाचे नाव लावून घ्यावे. त्याचा पत्ता त्याच सूचनेत दिलेला असतो.

वाणिज्य शाखेच्या तासाला ह्या महिन्यात आम्ही एक खरी सूचना मुलांकडून पहिल्या पानापासून वाचून घेणार आहोत. ज्या पालकांकडे यंदाची आली असेल त्यांनी फोलिओ किंवा डीमॅट क्रमांकावर कागद चिकटवून तिची प्रत मुलांबरोबर पाठवावी.