बियाणे आणि शेत

कितीही ओढाताण झाली तरी आमच्याकडचा शेतकरी बियाण्याचे भात कांडावयास काढीत नाही. मानवी देहातही हाच दंडक आहे, आणि तो पाळणाऱ्या पेशींना मूलपेशी म्हणतात.

तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून देहाला दर सेकंदास जवळजवळ २० लाख नव्या तांबड्या पेशी घडवाव्या लागतात. हा पुरवठा अस्थिमज्जेतील मूलपेशींच्या बळावर चालतो. १९६१ साली टोरांटोच्या टिल व मॅक्‌क्युलक यांनी, किरणोत्साराने मज्जा निकामी झालेल्या उंदरांना निरोगी मज्जा टोचली, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. अशी गाठ एकाच पेशीची संतती असते, हे १९६३ मध्ये दिसून आले.

मूलपेशी दुभंगली की काही कन्यापेशी मूळ रूपातच राहतात. काही पुढे विभागत जाऊन तांबड्या-पांढऱ्या पेशी होतात. कोणी राहावे, कोणी जावे, हे बऱ्याच अंशी शेजारच्या पेशींचे रासायनिक संकेत ठरवितात. साऱ्याच निघून गेल्या तर वंश खुंटेल. अपक्व पेशी बेबंद वाढल्या तर रक्ताचा कर्करोग होतो.

मज्जारोपण यशस्वी होते ते याचमुळे. टोचलेली मूलपेशी मज्जेतील आपल्या जागी पोचते आणि तेथे तिला तिचे काम मिळते. या कार्यासाठी डॉ. डॉनल टॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परंतु या खऱ्या यशाच्या आडोशाने आज खोटी आशा विकली जात आहे. स्वमग्न मुलाला वा पक्षाघाताच्या रुग्णाला मूलपेशी टोचून बरे करू, असे सांगणारी दुकाने निघाली आहेत, आणि आईबाप दागिने मोडून तेथे जात आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारख्या मान्य व्याधींवरील रोपणालाच प्रस्थापित उपचार मानले. बाकीचे प्रयोग मान्यताप्राप्त चाचणीपुरतेच ठेवले. प्रयोगालाच उपचार म्हणून त्याचे मोल घेणे ही शुद्ध फसवणूक होय.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा, आणि तो न देणाऱ्यांवर शासनाने कारवाई करावी. बी अस्सल असले तरी ते कोणत्या शेतात पडते, हे पाहावेच लागते.