एकाच कोर्सचे!

मुलांनो,

आमच्या शाळेत दरवर्षी चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ होतो. भाषणं होतात, पेढे वाटले जातात, फोटो काढले जातात. यंदा सगळं आटोपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ घुटमळत राहिली. म्हणाली, "बाई, शाळा सुटली की दोस्तीपण सुटते का हो?"

"नाही गं!" असं मी पटकन म्हणून गेले. पण घरी जाताना माझं मलाच ते पटेना. माझ्या चौथीच्या मैत्रिणी आज कुठं आहेत, हे मला तरी कुठं माहीत आहे?

म्हणून आज तुम्हांला अशा एका जागेविषयी सांगते, जिथून बाहेर पडलेले विद्यार्थी पन्नास वर्षांनीसुद्धा एकमेकांना विसरत नाहीत. ही जागा काही फार लांब नाही बरं का! पुण्याजवळ, खडकवासला धरणाच्या काठी, सिंहगडाच्या साक्षीनं ती उभी आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच आपली एन.डी.ए.!

या प्रबोधिनीची सुरुवात 1949 साली डेहराडूनला झाली. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि 1955 च्या जानेवारीत तिचं उद्घाटन झालं. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी इथं तीन वर्षं एकत्र शिकतात. एकाच मैदानावर धावतात, एकाच पंगतीला जेवतात. पुढं कुणी रणगाड्यात बसणार, कुणी जहाजावर जाणार, तर कुणी विमान उडवणार! पण मैत्री मात्र आधीच जुळलेली असते.

दर सहा महिन्यांनी इथं नवी तुकडी येते. तिला म्हणतात 'कोर्स'. प्रत्येक कोर्सला क्रमांक असतो. एकाच कोर्समधले सगळे एकमेकांचे 'कोर्समेट'. हा शब्द त्यांना आयुष्यभर पुरतो. दोन अनोळखी निवृत्त अधिकारी भेटले, की पहिला प्रश्न हमखास ठरलेला : "कोर्स कुठला?" आणि दुसरा : "स्क्वाड्रन कुठलं?" स्क्वाड्रन म्हणजे राहण्याचं घर. अशी अठरा घरं तिथं आहेत. अल्फा, ब्राव्हो, चार्ली… अशी त्यांची नावं. खेळात, शर्यतीत या घरांची चुरस लागते. केस पिकले तरी आपल्या स्क्वाड्रनचा अभिमान काही कमी होत नाही!

तुम्ही म्हणाल, एवढी घट्ट मैत्री होते तरी कशी? तर बरोबरीनं घाम गाळल्यामुळं. पहाटे उठायचं, कवायत करायची, मग रांगेनं सायकली हाणत वर्गात जायचं. शिक्षा झाली तर पाठीवर ओझं घेऊन सिंहगड चढून यायचा. वर्षांनुवर्षं माजी कॅडेट भेटले, की गप्पा रंगतात त्या या सिंहगडाच्याच. मात्र एक लक्षात ठेवा हं. बरोबरीनं सोसणं वेगळं आणि दुबळ्याला छळणं वेगळं. छळातून दोस्ती कधीच होत नाही.

या दोस्तीची एक गंमत सांगते. 1991 साली आपल्या तिन्ही दलांचे प्रमुख होते जनरल रॉड्रिग्ज, ॲडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी. तिघंही अगदी पहिल्या कोर्सचे विद्यार्थी! पुढं 2019 च्या अखेरीस पुन्हा तसंच घडलं. जनरल मनोज नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे तिघंही छप्पन्नाव्या कोर्सचे. देशाची तिन्ही दलं तीन कोर्समेटांच्या हाती! आणि त्यातले नरवणे तर आपल्या पुण्याचे.

पण मुलांनो, या कुटुंबात फक्त हसणं नाही.

प्रबोधिनीच्या आवारात एक छोटीशी, शांत वास्तू आहे. तिचं नाव 'हट ऑफ रिमेम्ब्रन्स', म्हणजे स्मरणकुटी. ती कॅडेटांनी स्वतःच्या हातांनी उभारली. देशासाठी प्राण देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची ती आठवण. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया 1961 मध्ये दूरच्या काँगो देशात शांतिसेनेत लढताना गेले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 1971 च्या युद्धात रणगाड्यात धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं एकवीस! कॅप्टन मनोजकुमार पांडे 1999 मध्ये कारगिलच्या युद्धात गेले. तिघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आज जिथं दीक्षान्त संचलन होतं, त्या मैदानाला खेत्रपाल यांचंच नाव आहे.

एखाद्या कोर्सला पन्नास वर्षं झाली, की त्यातले आजोबा झालेले कॅडेट पुन्हा खडकवासल्याला येतात. या कुटीपाशी पुष्पचक्र वाहतात. जे परत आले नाहीत, त्यांच्यासाठी माना झुकवतात. पन्नास वर्षांनीही त्यांची नावं यादीतून गळत नाहीत!

आणि मग ते नव्या मुलांचं संचलन पाहतात. संचलनाच्या शेवटी कॅडेट संथ पावलं टाकत 'अंतिम पग' ओलांडतात. प्रबोधिनीतलं ते शेवटचं पाऊल. मे 2025 मध्ये हे पाऊल पहिल्यांदाच मुलींनीही टाकलं. 2022 साली दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतल्या सतरा जणी त्या दिवशी उत्तीर्ण झाल्या. आता त्याही कुणाच्या तरी कायमच्या कोर्समेट!

हे सगळं वाचून मी काय केलं, सांगू? आमच्या चौथीचा हजेरीपट काढला. पटावर नावं होती एकतीस. निरोपाच्या फोटोत मुलं होती सव्वीस. उरलेली पाच जणं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्यांचा निरोप समारंभ झालाच नाही. आणि खरं सांगते, त्या दिवशी मलाही त्यांची आठवण झाली नव्हती.

म्हणून तुम्हांला एक काम देते. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या वर्गातल्या सगळ्यांची नावं लिहा. शाळा मध्येच सोडून गेलेल्यांचीसुद्धा. एखादं नाव आठवत नसेल, तर बाईंना, गुरुजींना विचारा. पालकहो, मुलांना त्या मित्राच्या घरी एकदा घेऊन जा, निदान फोन तरी लावून द्या.

आमची ती पाच मुलं गावी परतली की पुन्हा एक फोटो काढायचं ठरवलं आहे. एकतीस जणांचा! आणि त्या मुलीलाही मी आता सांगितलं आहे, "शाळा सुटते गं. दोस्ती आपण सोडली, तरच सुटते."