स्वस्त शाईचे पेन : जतन आणि घरगुती दुरुस्ती



आजचा विषय काहींना फार लहान वाटेल. या व्यासपीठावरून धर्म, साहित्य, राजकारण यांवर बोलले जाते आणि आज हा कामगार चळवळीतला माणूस पेनची गोष्ट काय सांगणार, असेही मनात येईल. पण शहादे भागात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि मजुराच्या हक्काचा प्रश्न बांधावरून कागदावर आला. किती दिवस काम केले, किती मजुरी मिळाली, हे ज्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवले त्याचे म्हणणे ऐकले जाते. ज्याच्याजवळ नोंद नाही त्याला दुसऱ्याच्या हजेरीपटावर विसंबावे लागते. ती नोंद करणारे हत्यार म्हणजे पेन. ज्या हत्यारावर आपण पोट भरतो ते आपल्याला खोलता आणि जोडता आले पाहिजे, हा कामगाराचा जुना नियम आहे.

बॉलपेन आहे की, असे कोणी म्हणेल. बॉलपेन सोयीचे आहे, हे मी नाकारीत नाही. पण ते दाबून लिहावे लागते, आणि संपले की बहुधा फेकून द्यावे लागते. शाईचे पेन नुसते टेकले तरी लिहिते. कुदळ-विळा धरून कडक झालेल्या ज्या हातांनी चाळिशीत अंगठ्याऐवजी सही शिकली, त्यांना ही गोष्ट विशेष उपयोगाची आहे.

आपल्याकडे हे पेन परके राहिलेले नाही. स्वदेशीच्या काळात दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘कॅमल’ शाई आणि कॅमलिन हे नाव घरोघरी गेले. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांनी देशी पेन घडवले आणि त्याची पोच गांधीजींनी १९३५ साली पत्राने दिली. भाषाशुद्धीवाल्यांनी या वस्तूला ‘झरणी’ असे नावही दिले. नाव फारसे रुळले नाही, पण वस्तूचे मर्म त्यात बरोबर आले आहे.

कारण पेन हा खरोखरच एक आवरलेला झरा आहे. निबेखाली जी काळी पट्टी असते तिला आपण जीभ म्हणतो. तिच्यात एक बारीक खाच असते. खाचेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. हवा वर गेली नाही तर शाई अडते, आणि हवा जास्त गेली तर शाई ओघळते. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमन यांनी जे पेटंट घेतले त्याचे सारे कौशल्य या देवाणघेवाणीतच होते. पेनचे बहुतेक दुखणे इथेच असते, हे ध्यानात ठेवले की अर्धी दुरुस्ती झाली.

पहिले दुखणे, पेन अडखळणे. शाई वाळून खाच बुजते. निब आणि जीभ फडक्यात धरून सरळ ओढावी, पिळू नये. कोमट पाण्यात रात्रभर ठेवावी, हवे तर साबणाचा एक थेंब टाकावा. उकळते पाणी आणि स्पिरिट टाळावे, कारण प्लॅस्टिक वाकते किंवा तडकते. विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असेल तर शेवटची खळबळ गाळलेल्या पावसाच्या पाण्याने करावी, म्हणजे क्षार मागे राहत नाहीत. निबेच्या चिरेत दाढीचे ब्लेड घालण्याची शाळकरी युक्ती मात्र सोडून द्यावी. त्याने चीर ओरखडते आणि फाकते. पितळेच्या अगदी पातळ पत्र्याने किंवा जाड गुळगुळीत कागदाच्या कडेने मळ निघतो. परत बसवताना चीर खाचेच्या बरोबर मधोमध आली पाहिजे.

दुसरे दुखणे, कागद खरवडणे. भिंगातून पाहिले तर बहुधा निबेची एक पाकळी वर गेलेली दिसते. ती नखाने हलकेच दाबून दुसरीशी समपातळीत आणावी. एवढ्यानेही भागले नाही तरच दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी टाकून, लिहितो त्याच कोनात आठ-दहा वेटोळी काढावीत आणि दर वेळी लिहून पाहावे. स्वस्त निबेचे टोक पातळ असते, घासून गेले ते परत येत नाही. ज्यांना बोरूसारखे जाड-बारीक वळण हवे त्यांनी जुन्या निबेचे टोक याच रीतीने तिरके घासावे. देवनागरी अक्षराला ते फार शोभते.

तिसरे दुखणे, खिशाला लागणारे डाग. खानदेशच्या उन्हाळ्यात याचा अनुभव नाही असा माणूस विरळा. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई कमी होते तशी वर हवा साठते. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के फुगते. दांड्यात दीड मिलिलिटर हवा असेल तर जवळजवळ एक थेंब शाई बाहेर ढकलली जाते, आणि शाईतल्या पाण्याची वाफ त्यात आणखी भर घालते. जिभेवरच्या आडव्या चिरा हा थेंब सावरायलाच असतात, पण त्या मळाने भरल्या तर डाग पडणारच. म्हणून उन्हाळ्यात पेन निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये, खिशात टोपण वर करून ठेवावे, आणि आट्यांना मधमाशीच्या मेणाचा किंवा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

हेच मेण किंवा ग्रीस वापरून काडतुसाचे पेन ड्रॉपरचे करता येते. लहान काडतुसात एक मिलिलिटरहूनही कमी शाई मावते, पोकळ दांड्यात दोन-तीन मिलिलिटर मावते. दांड्याला भोक नसावे, आत लोखंडी भाग नसावा. आधी पाणी भरून रात्रभर पेल्यात उभे ठेवावे. सकाळी पेला कोरडा असेल तरच शाई भरावी.

आता शाईविषयी. नोंद टिकायची तर शाईही टिकली पाहिजे. धुऊन जाणारी निळी शाई मुलांच्या कपड्यांसाठी चांगली, मजुरीच्या वहीसाठी नव्हे. जुने लोक मायफळ, हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत. तिच्यातले लोह हवेने काळे पडून कागदाच्या धाग्यात बसते, म्हणून ती दप्तरे टिकली. पण घरची तशी शाई पेनात घालू नये. ती आम्ल असल्याने पोलादी निब खाते आणि गाळ साठून खाच बुजते. पेनसाठी म्हणून विकली जाणारी टिकाऊ शाई घ्यावी आणि महिन्याला पेन धुवावे. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास न ठेवता परीक्षाही करावी. एका कागदावर चार ओळी लिहाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात, मग अर्धा कागद पाण्याखाली धरावा आणि उरलेला आठवडाभर उन्हात ठेवावा. जी शाई दोन्हींत वाचता येईल ती हिशेबाला घ्यावी.

या साऱ्याला लागते काय? एक वाटी पाणी, एक फडके, एक भिंग, मेणाचा तुकडा आणि रविवारची दुपार. ज्याने एकदा पेन उघडून पुन्हा लिहिते केले, त्याला यंत्राची आणि कागदाची भीती थोडी कमी वाटते. आपल्या घरात एखादे बंद पडलेले पेन नक्की असेल. ते शोधून दुरुस्त करावे आणि सही शिकणाऱ्या एखाद्याच्या हाती द्यावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.