मोत्यांचा ब्रूच आणि नऊवारीचा पदर

नथ, बुगडी, तन्मणी हे मराठी स्त्रीचे मोत्यांचे दागिने देहावर बसतात. त्यांच्यासाठीं नाक किंवा कान टोंचावा लागतो, नाहींतर गळ्यांत पेड बांधावा लागतो. ब्रूच टोंचावयाचा तो मात्र कापडाला. जुन्नर तालुक्यांतील पिंपळवंडीसारख्या गांवीं नऊवारी नेसणाऱ्या स्त्रीला त्याची गरज कां भासली नाहीं, याचें उत्तर या एका भेदांत आहे. कासोटा मागें खोंवला, पदर कमरेला खोंचला, चोळीची गांठ पुढें मारली, कीं ती खुरपावयाला मोकळी. हें सारें वस्त्र गांठीवर आणि खोंचीवर उभें राहतें.

ग्रीक व रोमन लोकांचीं वस्त्रेंही न शिवलेलींच. पण तीं खांद्यावर टांचणीनें अडकवीत, आणि ब्रूचचें मूळ त्या टांचणींत आहे. या मुलुखाला ते लोक अपरिचित नव्हते. पिंपळवंडीच्या पश्चिमेस नाणेघाटाचा जुना व्यापारी रस्ता आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. हिंदुस्थान, चीन व अरबस्तान दरसाल रोमचे दहा कोटी नाणें ओढून नेतात, अशी तक्रार पहिल्या शतकांत प्लिनीनें केली. तींत मोत्यांचा वांटा मोठा होता. मोती तिकडे गेले, टांचणीची चाल मात्र येथें रुजली नाहीं.

विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत बारीक मोत्यांचे ब्रूच निघाले. शिंपल्याच्या पातळ पत्र्यावर घोड्याच्या पांढऱ्या केसानें मोती शिवावयाचे, असें तें नाजूक काम. 1861 मध्यें राणी व्हिक्टोरियाचा पति वारल्यावर सुतकी दागिन्यांची चाल फार वाढली. त्यांत मोती म्हणजे अश्रू, आणि कांचेखालीं मृताच्या केंसांची बट! आपल्या शौचाशौचाच्या कल्पनेंत हें बसणें कठीणच.

इकडे ब्रूचला जागा मिळाली ती पांचवारी गोल साडीमुळें. मुंबईच्या पारशी स्त्रियांची तऱ्हा पाहून, 1864 च्या सुमारास तेथें आलेल्या ज्ञानदानंदिनीदेवी ठाकूर यांनीं डाव्या खांद्यावर पदर घेण्याची पद्धत बसविली. ती बंगाल्यांत गेली आणि तिच्याबरोबर पदरावरचा ब्रूचही गेला. पुढें पुण्यामुंबईच्या शिकलेल्या घरांत पोलकें व गोल साडी आली, तेव्हां तो मराठी खांद्यावरही दिसूं लागला. त्याला गांठलें मात्र एका क्षुद्र वस्तूनें. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनें 1849 मध्यें जिचें पेटंट घेतलें, ती सेफ्टी पिन तेंच काम कवडीमोलांत करूं लागली.

आतां अशा जुन्या ब्रूचची गांठ बहुधा सोनाराच्या मुशीशीं पडते. सोनें तोललें जातें, मोती हिशेबांत धरीत नाहींत. आणि नुकसान होतें तें नेमकें येथेंच. जपानांत मिकिमोतो यांनीं 1893 मध्यें शिंपल्यांत अर्धगोल मोती वाढविला. 1920 नंतर गोल संवर्धित मोती बाजारांत आले आणि इराणी आखातांतल्या बसऱ्याच्या मोत्यांचा धंदा बसला. त्यामुळें त्यापूर्वींचे नैसर्गिक मोती आज दुर्मिळ आहेत. दोहोंतला फरक नुसत्या नजरेनें कळत नाहीं. क्ष-किरणांनीं मोत्याचा गाभा पाहावा लागतो. वयाची एक खूण मात्र घरींही दिसते. जुन्या ब्रूचची अडकवणी म्हणजे साधी वांकडी आंकडी असते, आणि टांचणीचें टोंक तिच्या बाहेर आलेलें असतें; फिरती कडी असली तर तो बहुधा विसाव्या शतकांतला. मोती हा चुन्याच्या जातीचा पदार्थ, आम्लानें तो विरघळतो. म्हणून दागिना उजळावयास देण्यापूर्वीं मोती उतरवून मोजून घ्यावेत, आणि मोडावयाचाच झाला तर त्यांची किंमत सोन्याहून वेगळी करवून घ्यावी.