शिट्टी वाजली, आकडा आला... पण तो खरा का?

शाळेच्या फिटनेस टेस्टला व्हॉलंटिअर म्हणून जाताय? मग स्टॉपवॉचसोबत दोन प्रश्नही घेऊन जा.

समजा, डोंबिवलीतल्या एका शाळेत फिटनेस टेस्ट आहे. स्टॉपवॉच तुमच्या हातात. पाचवीतली एक मुलगी ५० मीटर धावते. वेळ १०.४ सेकंद. तुम्ही लिहून घेता आणि पुढचा नंबर पुकारता. तो आकडा मात्र पुढे रिपोर्टवर जातो, घरी पोहोचतो आणि कुणीतरी सहज म्हणून जातं, 'आमची काही खेळातली नाही हं!' मूल ते ऐकतं आणि लक्षात ठेवतं.

एवढं मोठं वाक्य एवढ्याशा आकड्यावर उभं करायचं का? त्यासाठीच ते दोन प्रश्न. तुमच्यापैकी कुणी बीएड किंवा बीपीएड करत असेल, तर त्यांना ते शब्द पाठ असतील: रिलायबिलिटी म्हणजे विश्वसनीयता आणि व्हॅलिडिटी म्हणजे सप्रमाणता. सोप्या भाषेत सांगायचं तर, पुन्हा मोजलं तर साधारण तोच आकडा येईल का? आणि जे मोजायचं होतं, तेच मोजलं गेलं का?

दोन्हींत फरक आहे बरं का. स्टेशनवरचं एखादं घड्याळ रोज बरोबर चार मिनिटं मागे असतं. रोज सारखंच चुकतं, म्हणून ते बरोबर आहे असं होत नाही.

०.१५ सेकंदाचा खेळ

२०१९ मध्ये खेलो इंडियाचं मोबाइल अ‍ॅप आलं आणि शाळांमधल्या फिटनेस चाचण्यांना एक ठरलेला साचा मिळाला. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी बीएमआय, एका पायावर तोल सांभाळायची फ्लेमिंगो टेस्ट आणि हाताचा वेग बघणारी प्लेट टॅपिंग. चौथीपासून पुढे बीएमआयसोबत ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, सिट अँड रीच, कर्ल-अप्स आणि पुश-अप्स.

आता ५० मीटरच घ्या. शिट्टी सुरुवातीच्या रेषेवर वाजते, तुम्ही शेवटच्या रेषेवर उभे. आवाजाला ५० मीटर यायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. तुम्ही आवाज ऐकून बटण दाबलं आणि शेजारच्या लेनवाल्या मित्रानं खाली येणारा झेंडा बघून दाबलं, तर तुमच्या लेनमधलं मूल उगाचच फास्ट ठरतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मित्राला विचारा, ०.१५ सेकंदाची किंमत काय असते ते! मोठ्या स्पर्धांतही हे माहीत आहे. १०० मीटरची हातानं घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे, कारण माणसाला बटण दाबायला थोडा उशीर होतोच.

मैदानाचंही तेच. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर किंवा डोंबिवलीच्या सावळाराम क्रीडासंकुलात मोकळं धावता येतं. पण ज्या शाळेकडे जेमतेम अंगण आहे, तिथे ६०० मीटर म्हणजे वीसेक फेऱ्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर ब्रेक. त्यात पावसाळ्यातला चिखल. अशा दोन शाळांचे आकडे शेजारी मांडले, तर तुलना मुलांची होते की जागेची?

खो-खोवालीचं काय?

समजा, वेळ अगदी अचूक घेतली. तरी दुसरा प्रश्न उरतोच. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप दिल्लीत झाला आणि प्रियांका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली भारतीय मुली जिंकल्या. खो-खोत धावणारीचं खरं कसब हुलकावणी देण्यात, झटकन वळण्यात आहे. सरळ रेषेतले ५० मीटर वेग सांगतात. हुलकावणी ते कसे मोजणार?

सिट अँड रीचमध्येही गोम आहे. पाय लांब आणि हात आखूड असतील, तर शरीर लवचिक असूनही स्कोअर कमी येऊ शकतो. शिवाय एकाच वर्गात एखाद्याची उंची झपाट्यानं वाढलेली असते, दुसऱ्याची वाढ अजून सुरू व्हायची असते. त्या वयात ताकदीची टेस्ट बऱ्याचदा वाढच मोजते.

असा घोळ जगात मोठ्या प्रमाणावरही झालाय. १९५०च्या दशकात क्राउस-वेबर टेस्टमध्ये अमेरिकेतली ५७.९ टक्के मुलं नापास झाली, युरोपातली फक्त ८.७ टक्के. केवढी खळबळ! १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुलांच्या फिटनेससाठी खास परिषदच नेमली. पण ती टेस्ट मुळात पाठदुखीच्या रुग्णांवरच्या कामातून आलेली होती. तिच्यात सहा छोट्या हालचाली होत्या आणि एक जरी चुकली तरी मूल नापास. बरीच मुलं वाकून जमिनीला हात टेकवताना अडकली. दम किती, वेग किती, हे तिच्यात नव्हतंच.

म्हणजे टेस्ट बंद करायच्या का? मुळीच नाही. सहा महिन्यांपूर्वीपेक्षा हे मूल पुढे गेलं का, हे कळायला त्या लागतातच. फक्त नीट घ्यायच्या.

टेस्ट घ्यायला जाताना...

• आधी मुलांना एक-दोनदा सराव करू द्या. पहिल्या प्रयत्नात बऱ्याचदा गोंधळच मोजला जातो.
• सगळ्या टायमरनी झेंडा किंवा हात बघूनच बटण दाबायचं, हे आधी ठरवा.
• थोड्या मुलांची वेळ दोघांनी वेगवेगळी घ्या. आकडे जुळले नाहीत, तर आधी स्वतःला तपासा.
• मैदान, हवा, पायात बूट होते की नाही, सगळं लिहून ठेवा.
• आकडा एकाच दिवसाचा, एकाच गोष्टीचा आहे, हे पालकांना सांगा.

आणि हो, 'स्लो', 'वीक' असले शिक्के मारू नका. '५० मीटर, १०.४ सेकंद' एवढंच लिहा. तुम्ही मोजलंय तेवढंच.