घोडा, परवाना आणि चौल : निजामशाहीला समुद्र कसा नडला

अहिल्यानगरपासून समुद्र दूर, आणि मध्ये सह्याद्री. तरीही सोळाव्या शतकात इथल्या निजामशाहीच्या घोडदळाला घोडे किती आणि कोणत्या दराने मिळणार, हे बऱ्याच अंशी पोर्तुगिजांच्या हाती गेले. मोजक्या जहाजांनिशी आलेल्या परक्यांना हे कसे साधले, ते क्रमाने पाहू.

गरज घोड्यांची

दख्खनच्या हवेत जातिवंत घोड्यांची पैदास होत नसे. लढाईचे चांगले घोडे अरबस्तान आणि इराणकडून होर्मुझमार्गे जहाजातून येत. घोडे मरत, जखमी होत, म्हणून ही आवक दरवर्षी लागे. त्यांची किंमत केवढी, हे एका प्रसंगावरून कळते. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीमार्गे जुन्नरला पोचला. तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला. बरीच रदबदली झाली, तेव्हा कुठे तो परत मिळाला. पुढे याच जुन्नरहून मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फारकत घेऊन निजामशाही स्थापली आणि १४९४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवायला घेतले. चौल हे त्याच्या राज्याचे समुद्राकडचे दार होते.

नाक्यांची साखळी

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. सगळा हिंदी महासागर राखण्याइतकी जहाजे पोर्तुगिजांकडे कधीच नव्हती. म्हणून त्यांनी समुद्राऐवजी समुद्राची तोंडे धरली : १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. घोडे निघतात ते बंदर आणि उतरतात ते बंदर, दोन्ही एकाच मालकाची झाली. गोव्यात घोड्यांवर जबर जकात होती, आणि ती तिथल्या उत्पन्नाची मोठी बाजू बनली.

हे सगळे बिनविरोध झाले नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगिजांना हरवले. त्यात व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवजवळ अल्मेडाने त्याचा बदला घेतला, आणि खुल्या समुद्रात पोर्तुगिजांना अडवणारे आरमार उरले नाही.

कार्ताझ चाले कसा

आता मुख्य यंत्रणा. चौलच्या एखाद्या व्यापाऱ्याला तांबड्या समुद्राकडे जहाज पाठवायचे असले, तर त्याला आधी पोर्तुगिजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. त्यात जहाजाचे आणि नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, माणसे, शस्त्रे आणि जायचे ठिकाण लिहिलेले असे. मिरी आणि युद्धसामग्री नेण्यास मनाई असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरी कमाई पुढे होती : परवान्याच्या अटीनुसार जहाजाने पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची. आजच्या टोलनाक्यासारखेच हे, फक्त रस्ता त्यांनी बांधलेला नव्हता. परवाना नसला, किंवा मजकुरात आणि मालात फरक आढळला, तर जहाज मालासकट जप्त. प्रत्येक जहाज पकडण्याची गरज नव्हती. काही पकडली की बाकीचे आपणहून परवाना घेत.

निजामशाहने काय केले

बुर्हाण निजामशाहने तडजोड केली. १५२१ मध्ये पोर्तुगिजांना चौलजवळ किल्ला बांधू दिला; तोच आजचा रेवदंडा. त्यामागे घोड्यांची आवक चौलमार्गे सुरू राहावी हा हिशोब होता. संबंध जिव्हाळ्याचेही होते. गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता बुर्हाणवर उपचार करी, आणि १५६३ च्या आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात त्याने या राजाचा उल्लेख केला आहे. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज आला, तेव्हा त्याला एक पोर्तुगीज आणि एक निजामशाही अशी दोन चौल दिसली.

बळाचा प्रयोगही झाला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहने चौलला आणि अली आदिलशाहने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला. सैन्य अफाट होते, पण किल्ल्याची समुद्राकडची बाजू मोकळी राहिली. रसद आणि कुमक तिकडून येत राहिली. शेवटी तह झाला. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईच्या डोंगरावरचे निजामशाही ठाणेही पोर्तुगिजांनी जिंकले.

धडा कोणी घेतला

जमिनीवरची फौज समुद्राकडून येणारी रसद तोडू शकत नाही, हे चौलने दाखवले. निजामशाहीला पोर्तुगिजांना अडवेल असे आरमार उभारता आले नाही. तिच्या अखेरच्या वर्षांत कारभार सांभाळणाऱ्या शहाजीराजांच्या मुलाने मात्र ते उभारले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली. पुढे चौलच्या शेजारीच, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातून, कान्होजी आंग्रे परक्या जहाजांकडे मराठ्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, मागू लागले. युरोपीय त्यांना चाचा म्हणत. पण दोनशे वर्षे जो हक्क ते स्वतःचा समजत होते, तोच आता किनाऱ्याचे धनी बजावत होते.