बक्षिसी तिकीट आणि रद्द झालेले विमान

पूर्वी लेकीचे बाळंतपण म्हणजे लेक माहेरी यावयाची. सातव्या महिन्यात ओटी भरली, की ती ट्रंक, वळकटी आणि सासरकडील सूचनांची लांबलचक यादी घेऊन कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरे, व सुईणीपासून शेकशेगडीपर्यंत सारे काही घरात सिद्ध असे. हल्ली हा ओघ उलटा झाला आहे. लेक अमेरिकेत, नोकरी तेथे, डॉक्टर तेथले आणि विमाही तेथलाच. तेव्हा डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि आईबाप यांनाच समुद्र ओलांडणे भाग पडते. आमच्या पेठेतच अशी चार घरे आहेत. गतवर्षी पाचवे आमचे झाले.

प्रवासाची तिकिटे जावईबापूंनी काढली. परंतु पैसे देऊन नव्हे, तर मैल देऊन. हे मैलांचे प्रकरण आमच्या पिढीतील पुष्कळांस गूढ वाटते, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वारंवार प्रवास करणारे गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकून राहावे, एवढ्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात एक योजना काढली. जितके मैल उडावे तितके खात्यावर जमा व्हावे आणि पुरेसे साचले की बक्षीस म्हणून तिकीट मिळावे, अशी ती साधी कल्पना. पुढे इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. बँकांची क्रेडिट कार्डे त्यात शिरली. आणि आता मनुष्य घरबसल्या तूरडाळ व शाळेची फी यांवर मैल साठवितो. त्यातच कंपन्यांचे संघ झाले. १९९७ साली पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ हा पहिला मोठा संघ स्थापिला, आणि आपली एअर इंडिया २०१४ मध्ये त्यात दाखल झाली. संघामुळे असे होते, की मैल एका कंपनीचे, तिकीट तिनेच दिलेले. पण प्रत्यक्षात बसावयाचे ते दुसरीच्या, कधी तिसरीच्या विमानात.

आमचे तिकीट नेमके असेच होते. मुंबईहून युरोपातील एका शहरी जावयाचे, तेथे पुतण्याकडे तीन दिवस राहावयाचे, मग निराळ्या कंपनीच्या विमानाने शिकागो. आणि चार महिन्यांनी निराळ्याच वाटेने परत. चार विमाने, तीन कंपन्या आणि माणशी एक तिकीट. बक्षिसी जागा जेथे रिकाम्या असतील तेथून वाट काढावी लागते, म्हणून ही वाट अशी वाकडी. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी आम्ही पोहोचणार होतो.

निघावयास तेवीस दिवस उरले असता एका गुरुवारी सकाळी फोनवर निरोप आला, की दुसऱ्या टप्प्याचे विमान रद्द झाले आहे. त्याऐवजी कंपनीच्या यंत्राने आपण होऊन जी वाट सुचविली होती ती पाच दिवस उशिराची. शिवाय तीत पहिले विमान ज्या गावी उतरणार, तेथून दुसरे विमान पहिल्याच्या आधी चाळीस मिनिटे सुटत होते! खाली दोन बटणे होती. एकावर ‘बदल मान्य’ आणि दुसऱ्यावर ‘तिकीट रद्द करून मैल परत’. सौभाग्यवतींनी देवघरातूनच विचारले, “म्हणजे आता जायचेच नाही की काय?”

आम्ही दुसरे बटण दाबण्याच्या बेतात होतो. मैल परत मिळाल्यावर नुकसान ते काय, असा आमचा सरळ हिशेब. सुदैवाने जावईबापू फोनवर होते. ते म्हणाले, “बाबा, कशालाच हात लावू नका.”

त्यांच्या म्हणण्यातील मर्म आम्हांस पुढे कळले. तिकीट जिवंत आहे तोवर आपल्याला इष्ट स्थळी पोहोचविण्याचा भार कंपनीवर असतो, कारण करार तिच्याकडून मोडलेला आहे. मैल परत घेतले की तो करार संपला. मग आपण पुन्हा बाजारातले एक गिऱ्हाईक. खात्यावर आकडा तितकाच दिसतो. परंतु तीच जागा आता दुप्पट मैलांना असते, अथवा मुळीच नसते. बाळाची तारीख मात्र हलत नाही.

येथे आपल्या मध्यमवर्गीय मनाची एक अडचण सांगितली पाहिजे. बक्षिसी तिकीट म्हणजे फुकटचे. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करावी, असा संकोच आम्हांस वाटत होता आणि आमच्या परिचयातील पुष्कळांस वाटतो. हा संकोच अनाठायी आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या विमानप्रवाशांच्या हक्कांविषयीच्या नियमात, फुकट प्रवास करणाऱ्यांना हा नियम लागू नाही असे म्हटल्यानंतर लगेच, मैलांच्या योजनेतून दिलेल्या तिकिटांना मात्र तो लागू आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. युरोपातील विमानतळावरून सुटणारे विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, ते या नियमाखाली येते. विमान रद्द झाल्यास पैसे परत घ्यावयाचे की दुसऱ्या वाटेने जावयाचे, ही निवड प्रवाशाची. चौदा दिवसांपेक्षा कमी मुदतीत कळविले तर, काही अपवाद सोडून, अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाईही मिळते. आम्हांस तेवीस दिवस आधी कळविले होते, म्हणून भरपाई नव्हती. निवडीचा हक्क मात्र होता. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२४ साली केलेल्या नियमाप्रमाणे, विमान रद्द झाले व प्रवाशाने पर्याय नाकारला तर ज्या रूपाने मोल दिले त्याच रूपाने, म्हणजे मैल दिले असतील तर मैल, परत दिले पाहिजेत. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, आणि सरकारच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर तक्रार नोंदविता येते. मैलांखेरीज बक्षिसी तिकिटावर कराचे म्हणून काही हजार रुपये आपण भरलेले असतात. तिकीट रद्दच करावयाचे ठरले तर तेही मागण्यास विसरू नये.

हक्क कळला, पण तो मागावयाचा कोणाकडे? आमच्या मराठीत म्हणच आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. ज्या कंपनीचे विमान रद्द झाले तिला फोन केला, तर ती म्हणे, तिकीट आमचे नाही, ज्यांनी दिले त्यांना विचारा. तिकीट देणारी म्हणे, विमान आमचे नाही, ज्यांचे आहे त्यांनी जागा द्यावी. दोन दिवस आम्ही या दोन उंबऱ्यांमध्ये चेंडूसारखे टोलविले गेलो. त्यातून समजले ते असे. तिकिटाचा क्रमांक तेरा आकडी असतो आणि त्यातील पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८, लुफ्तान्झाचे २२०. प्रवासास अवकाश असेल तोवर या आकड्यांच्या धन्याचे दार ठोठवावे. प्रवासाच्या दिवशी विमानतळावर खोळंबा झाला, तर ज्याचे विमान त्याचा पदर धरावा.

दुसरी गोष्ट अशी, की “काहीतरी करा हो” या विनंतीने काहीच होत नाही. फोनच्या पलीकडील कारकुनास दिवसभर तेच ऐकावे लागते. आम्ही एका रात्री जावईबापूंच्या सांगण्याप्रमाणे कागद घेऊन बसलो, आणि संघातील कोणकोणत्या कंपन्यांची विमाने त्या दिवशी व त्याच्या आदल्या दिवशी शिकागोस पोहोचतात, याची क्रमांकांसह यादी केली. तिच्यातून तीन वाटा निवडल्या. पहिला फोन पन्नास मिनिटे ताटकळल्यावर लागला, आणि उत्तर मिळाले की बक्षिसी जागा शिल्लक नाही. हे उत्तर खरे असते, परंतु अपुरे असते. कंपनीनेच विमान रद्द केले असेल, तर विक्रीच्या जागांतून एखादी जागा उघडून द्यावी, अशी विनंती तिकीट देणारी कंपनी विमान चालविणारीस करू शकते. ती मान्य होईलच असे नाही. पण कोणी मागितल्यावाचून ती केलीही जात नाही. दुसऱ्या फोनवरील बाईंना हा प्रकार ठाऊक नव्हता. तिसरा फोन आम्ही पहाटे चारला केला. त्या गृहस्थांनी यादीतील दुसरी वाट उतरवून घेतली व विनंती पाठविली, आणि दोन दिवसांनी होकार आला. प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ आम्ही वहीत टिपून ठेवली होती. तिसऱ्या फोनला त्या वहीचा फार उपयोग झाला.

नवीन वाटेने पुतण्याचे गाव सुटले. त्याने तीन दिवसांची रजा काढलेली होती, आणि आम्ही शेंगेन व्हिसासाठी भरलेली रक्कम तर कोणीच परत देत नाही. तडजोड करताना काय सोडावयाचे हे आधी ठरवून ठेवावे लागते. आम्हांस तारीख हवी होती, मुक्काम सोडला. व्हिसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सावधगिरी सांगतो. यंत्राने सुचविलेल्या वाटेत युरोपातील दोन शेंगेन देशांच्या विमानतळांवर बदल असेल, तर मधले उड्डाण अंतर्गत समजले जाते व त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो नसताना ‘बदल मान्य’ केले तर मुंबईतच अडकावयाची पाळी.

सारे सुरळीत झाले असे समजून आम्ही लाडू वळावयास घेतले, आणि निघण्यास चार दिवस असता जावईबापूंच्या लक्षात आले की तिकिटाचा क्रमांक जुनाच आहे. आरक्षण आणि तिकीट या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. आपले नाव पंगतीच्या यादीत आहे, पण पान मांडलेले नाही, अशातला तो प्रकार. वाट बदलली की तिकीट नव्याने निघावे लागते. ते निघाले नाही तर विमानतळावर जागा दिसते, पण बसू देत नाहीत. पुन्हा फोन, पुन्हा पाऊण तास. पण त्या रात्री नवा क्रमांक आला. आमच्या मते साऱ्या प्रकरणात सर्वांत धोक्याची जागा हीच, कारण येथे मनुष्य निश्चिंत झालेला असतो.

कोल्हापूरकरांची म्हणून एक निराळी अडचण आहे. आपला पहिला टप्पा, कोल्हापूर ते मुंबई, हा या तिकिटात सहसा नसतो. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणार होतो. ती रात्रीत मुंबईस पोहोचविते. पण तिला उशीर झाला आणि विमान चुकले, तर रेल्वे जबाबदार नाही नि विमान कंपनीही नाही. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झालेला; तथापि तेथील विमानसेवेचे भाग्य नेहमीच चंचल राहिले. २०११ नंतर कित्येक वर्षे तेथून नियमित विमान नव्हते. उडान योजनेखाली २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. विमानाने गेले तरी तिकीट निराळे असले, की जबाबदारीही निराळी. आणि बहुटप्पी तिकिटाचा कायदा कडक आहे: एका टप्प्याला गैरहजर राहिलात की पुढचे सारे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचेसुद्धा. म्हणून आम्ही एक दिवस आधी निघून दादरला मेहुण्यांकडे मुक्काम केला.

असे प्रसंग विरळा आहेत असे समजू नये. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, आणि अमेरिकेच्या वाटा लांबल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबविली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि कित्येक लग्नघरी वऱ्हाडी पोहोचले नाहीत.

मैल पुष्कळ साठवून ठेवणाऱ्यांनी याहून मोठी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मैल म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली, आणि लोकांचे साठविलेले मैल मातीमोल झाले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. तिची मैलांची योजना निराळ्या कंपनीकडे असल्याने ती नाव बदलून तगली, पण ज्यांनी जेटच्या विमानांची बक्षिसी तिकिटे काढून ठेवली होती त्यांचे बेत फसले. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली तेव्हा खातेदारांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले, हे त्यांचे सुदैव. नातवंडांच्या मुंजीसाठी म्हणून दहा वर्षे मैल राखून ठेवणारे एक स्नेही आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना आम्ही नेहमी सांगतो, की यंदाच कोठेतरी जाऊन या.

बाळंतपणासारख्या तारखेच्या कार्यास बक्षिसी तिकिटाने जावे की नाही, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. सौभाग्यवती म्हणतात, जाताना पैसे मोजावे आणि येताना मैल वापरावे. जावईबापूंना हे पटत नाही. पैशाचे विमानही रद्द होतेच, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. तथापि पैशाच्या तिकिटाला जागा लवकर मिळते, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

आम्ही ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच शिकागोस उतरलो, आणि सहाव्या रात्री मुलगी झाली. डॉक्टरांच्या तारखेच्या आठवडाभर आधी. यंत्राने सुचविलेली वाट धरली असती, तर त्या रात्री आम्ही नुकतेच, झोपमोड झालेल्या अवस्थेत, दारात ट्रंका उतरवीत असतो. पुतण्यासाठी घेतलेले मेतकूट व लिंबाचे लोणचे तेथेच उघडले गेले. त्याची बरणी आम्ही परतीच्या सामानात पुन्हा भरून घेतली. पण ते विमान त्याच्या गावावरून जात नव्हते.